बॉनेटवरचं कुंकू

माझे बाबा, माधव ओगले, गाडीला हात लावण्याआधी अंगठी काढतात, घड्याळ काढतात आणि कमरेचा पट्टाही काढून ठेवतात. बक्कल लागून रंगावर ओरखडा उमटू नये म्हणून. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत याचं फार कौतुक. ‘गाडी ठेवावी तर ओगल्यांसारखी,’ असं लोक म्हणत. त्या पट्ट्याचा घरात काय उपयोग होतो, ते भिंतीपलीकडे ऐकू जायचं, पण त्यावर कुणी काही म्हणत नसे. पुण्यात दुसऱ्याच्या घरात कुणी नाक खुपसत नाही, फक्त कान लावतात.

तीस वर्षं ते चिंचवडकडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. नव्या गाड्यांच्या रंगातले दोष शोधायचे, हे काम. घरी आल्यावर ते आमच्यात शोधत. भाजीतलं मीठ, सलिलचे मार्क, माझं मोठ्याने हसणं. दोष सापडला की हात उठायचा, आणि तो सापडायचाच.

मरून रंगाची गाडी आली तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझा भाऊ सलिल नऊ. दर रविवारी, पार्किंगमध्ये ऊन शिरायच्या आत, गाडी धुतली जायची. दोन बादल्या असत, एक साबणाची आणि एक फडकं खळबळून घ्यायची. दर तीन महिन्यांनी वॅक्स. ते अगदी पातळ लावायचं, एका वेळी हातभर जागेत, आणि वाळून धुरकट दिसू लागलं की मऊ फडक्याने पुसून घ्यायचं. जमिनीवर पडलेलं फडकं परत गाडीला लावायचं नाही, त्यातला एक खडाही रंग खरवडतो. पाखराची शीट पडली तर घासायची नाही, ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची आणि मग टिपून घ्यायची. “रंग आहे तो, दगड नाही,” असं ते आम्हाला समजावत. इतक्या मायेने ते दुसऱ्या कशाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. खरं सांगते, मला त्या गाडीचा हेवा वाटायचा.

एकदा आम्ही कोकणातून आलो आणि बॉनेटवर धुळीचा थर होता. सलिलने त्यात बोटाने आपलं नाव लिहिलं, सगळी पोरं लिहितात तसं. बाबांनी ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, “कुठल्या बोटाने?” त्याने बोट पुढे केलं. ते त्यांनी मागे वाकवलं, मोडेपर्यंत. दवाखान्यात आईने सांगितलं, दारात चेंगरलं. सलिल आता बंगळुरात नोकरी करतो. ते बोट अजून नीट मिटत नाही. बाबा घरी नसतील अशी वेळ बघून तो आईला फोन करतो.

मला नोकरी लागली तशी मी सदाशिव पेठेत दोन खोल्या घेतल्या. एक माझी, एक आईची. चार वर्षं मी तिला म्हणत होते, चल माझ्याकडे. तिचं उत्तर ठरलेलं. आधी दिवाळी होऊ दे, मग संक्रांत होऊ दे. गेल्या दसऱ्याच्या आधी फोनवर तिला नीट बोलता येईना. दाढ दुखते म्हणाली. मी काय समजायचं ते समजले आणि ठरवलं, सण असो नाहीतर सुतक, दसऱ्याला जायचं आणि तिला घेऊनच निघायचं.

आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा टायरला होते. बॉनेटला कुंकवाचं बोट लागता कामा नये, असा बाबांचा हुकूम. चौदा वर्षं आई टायरपुढे वाकून हळद-कुंकू वाहत आली. त्या सकाळी शेजारच्या कल्याणीकाकूंची नवी गाडी आली होती आणि पूजेचा मान त्यांनी आईला दिला. आईने स्वस्तिक काढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आनंदात, बोटाला ओलं कुंकू तसंच असताना, ती आमच्या गाडीकडे वळली. बॉनेटवर स्वस्तिक पूर्ण झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

बाबा फडकं घेऊन मागेच उभे होते. एक ओला हात फिरवला असता तर कुंकू निघालं असतं. आदल्याच दिवशी वॅक्स केलं होतं आणि वॅक्स त्यासाठीच असतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी स्कूटरच्या हँडलला अडकवलेला पट्टा काढला.

पहिला तडाखा आईच्या पाठीवर बसला, दुसरा तोंडावर, बक्कलच्या बाजूने. तबक खाली आपटलं. ती बॉनेटवर कोलमडली, तर ‘गाडीवरून बाजूला हो’ म्हणत त्यांनी तिचे केस धरून तिला ओढलं. मी मध्ये पडले. पट्टा माझ्या कानावर बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो ओगले, सणासुदीला कशाला?” म्हणजे एरवी चाललं असतं.

आई उठली. तबकातला नारळ तिच्या पायाशी पडला होता, तो तिने उचलला आणि दोन्ही हातांनी बॉनेटवर हाणला. एकदा, पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी नारळ फुटला. पत्रा खोल दबला होता, रंगाचा पोपडा उडाला होता. मला वाटलं, आता ते तिला जिवंत सोडत नाहीत.

पण बाबांनी पट्टा टाकला आणि ते बॉनेटकडे धावले. “पाणी आणा, वाळायच्या आत पाणी आणा,” असं रडवेल्या आवाजात म्हणू लागले. त्यांनी नारळाचं पाणी टिपलं. आईच्या फाटलेल्या ओठातलं रक्त पत्र्यावर पडलं होतं. तेही त्यांनी ओल्या फडक्याने टिपलं, न घासता, अगदी हलक्या हाताने. आई तिथेच उभी राहून ते बघत होती आणि तिच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

“अपूर्वा, रिक्षा बोलाव,” ती म्हणाली.

वर जाऊन तुझे कपडे घेऊन येऊ का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली. रिक्षात बसल्यावर मी रुमाल काढून तिचं तोंड पुसायला गेले, तर तिने माझा हात धरला.

“पुसू नकोस. दिसू दे त्यांना.” मग ती पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, “आधी पोलीस चौकीला घ्या.”