साळुबाई बसली की बंद पडणारी गाडी

आमच्या वाडीत गाडीचा रोग ओळखायला मेकॅनिक लागत नाही. बॉनेटसुद्धा उघडावं लागत नाही. गाडीत कोण बसलंय एवढं पाहिलं की झालं. रामदासची पिकअप जागेवर उभी राहिली की धापा टाकायची आणि बंद पडायची, आणि त्याचं कारण साळुबाई आहे हे वाडीने एकमताने ठरवून टाकलं. पाण्याच्या टाकीची जागा ठरवताना आमचं असं एकमत झालं असतं, तर आज घरोघरी नळ असते.

साळुबाई माझी शेजारीण. आपटाळ्याच्या वर डोंगराला आमची वाडी आहे. नवरा गेला तेव्हा तिची वृषाली चौथीत होती. तेव्हापासून खाचरात भात लावायचा, उन्हाळ्यात हिरडा गोळा करून वाळवायचा, करवंदाच्या दिवसांत करवंदं आणायची आणि रविवारी जुन्नरच्या बाजारात विकायला बसायचं, हे सगळं ती एकटीने करत आली. बोलायची कमी आणि भांडायची त्याहून कमी. माझ्या मते तिचं तिथंच चुकलं.

रामदास तिच्या दिराचा मुलगा. पिकअप त्याने घेतली तेव्हाच तिचे तीन मालक होऊन गेले होते. एक दार तारेने बांधलेलं, डिझेलचा काटा कायमचा झोपलेला. हॉर्न मात्र असा की म्हशी दावं तोडायच्या. त्या गाडीला तो रोज हार घालायचा. बायकोला गजरा आणल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

दर रविवारी सकाळी सगळी वाडी त्या गाडीतून बाजाराला जायची. आमच्याकडे डोंगरात पंप नाही, त्यामुळे आठवडाभर हिंडून टाकीत जे उरलं असेल त्यावरच गाडी जुन्नर गाठायची. वाटेत माणसं घ्यायला थांबली की इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा, परत चढायचा आणि गप्प व्हायचा. मग पुरुष खाली उतरून धक्का मारायचे आणि बायका वरून सल्ले द्यायच्या. जुन्नरला पोचलं की साळुबाई आधी बाजारात उतरायची, आणि रामदास पुढे पंपावर जाऊन टाकी भरायचा. त्यानंतर गाडी दिवसभर गुणी लेकरासारखी वागायची. साळुबाईचा माल संपायला संध्याकाळ व्हायची, म्हणून ती परत एसटीने यायची. इतर दिवशी वाटेत कुणासाठी थांबायचंच नसायचं, म्हणून गाडीही बंद पडायची नाही. रामदासला दिसलं ते एवढंच: काकी गाडीत असली की गाडी बंद पडते, काकी उतरली की नीट चालते.

बरं, त्याने गाडी दाखवली नाही असं नाही. आळेफाट्याला सुदर्शन नावाचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडे तो चार वेळा गेला. रिकाम्या टाकीने आळेफाट्यापर्यंत जायला तो काय खुळा होता? जुन्नरला टाकी फुल करायचा आणि मग जायचा. गॅरेजात गाडी घड्याळासारखी चालायची. पण सुदर्शनही आलेल्या गिऱ्हाइकाला मोकळ्या हाताने पाठवणाऱ्यातला नव्हता. एकदा फिल्टर बदलला, एकदा नोझल साफ केले, एकदा जागेवरची रेस वाढवून दिली. शेवटी त्याचेही उपाय संपले.

"भाऊ, गाडीत काय नाय," तो म्हणाला. "दुसरंच काय तरी आसंल."

हे दुसरंच काय तरी रामदासच्या आधी वाडीत पोचलं. भगवंतनाना आमच्या वाडीतले जाणते. म्हणजे कुठल्याही गोष्टीवर पहिलं त्यांनीच बोलायचं. ते पारावरून म्हणाले, "बाई पांढऱ्या पायाची हाय. गाडीला सोसंना." गाडीत बाकी डझनभर माणसं असायची, नाना स्वतः असायचे, पण इंजिनाला त्रास फक्त विधवेचा होत होता. इतकं पारखी इंजिन कंपनीने पुन्हा काढलं नसेल.

आमची माणसं मात्र न्यायाने चालणारी. खात्री करून घ्यायला एका रविवारी त्यांनी साळुबाईला मागे ठेवलं. गाडी तरीही बंद पडली. मग लक्षात आलं की तिचं हिरड्याचं पोतं गाडीत चढलेलं होतं. म्हणजे दोष पोत्याचा. पुढच्या रविवारी पोतंही घेतलं नाही. गाडी बंद पडली. तेव्हा निष्कर्ष असा निघाला की गाडी निघताना साळुबाई दारात उभी होती. यापुढे तिला घरात कोंडून परीक्षा घ्यायची राहिली होती, ती बहुधा हंगाम आडवा आला म्हणून राहिली.

साळुबाई मुकाट जायलाही एसटी धरू लागली. एसटी उशिरा पोचते. तोवर बाजारातली सावलीची जागा गेलेली असायची आणि हिरडा घेणारे व्यापारीही उठलेले असायचे. अर्धा माल परत यायचा. मला संताप यायचा. मी तिला म्हटलं, एकदा त्या नानाच्या दारात जाऊन भांड, मी येते बरोबर.

ती हिरडा निवडत राहिली. मग म्हणाली, "गाडी त्येची हाय, नाय बसू देत तर नाय बसायचं. पर खरंच माझ्यामुळं आसंल तर गं? ह्यांचं बी आसंच झालं. जागच्या जागी बंद पडले."

त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. लोक बोलतात ते बोलतात, पण ही स्वतःच मानायला लागली होती.

तेवढ्यात वृषालीचं जमलं. मुलगा आळेफाट्याचा, साखरपुडा तिकडेच ठरला, आणि वाडीची माणसं अर्थातच रामदासच्या गाडीतून जाणार होती. आदल्या दिवशी रामदास आणि नाना साळुबाईच्या ओट्यावर येऊन बसले. चहा पिऊन झाल्यावर रामदास म्हणाला, "काकी, तू एसटीनं ये. शुभ काम हाय, वाटंत इघ्न नको."

पोटच्या पोरीच्या साखरपुड्याला! वरून चहात साखर कमी आहे म्हणून नानांनी पुन्हा मागून घेतली.

"आई नाय तर मी बी नाय बसायची," वृषाली आतून ओरडली.

"बस गं तू," साळुबाई म्हणाली. "तुझं नीट व्हऊ दे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने निघालो. आपटाळ्याच्या अलीकडच्या चढावर रस्त्याच्या कडेला पिकअप उभी दिसली. बॉनेट वर, आणि फेटे बांधलेले सगळे शुभ पुरुष आत डोकावून बघत होते, विहिरीत बादली पडल्यावर बघतात तसे. यावेळी गाडी नुसती बंद पडली नव्हती, परत चालूच होत नव्हती. पुढच्या सीटवर वृषाली शालू नेसून घामाघूम बसली होती.

मला हसू येत होतं. साळुबाई हसली नाही. ती उठून उभी राहिली आणि कंडक्टरला म्हणाली, "गाडी थांबवा. माझी पोर हाय तिच्यात."

एसटी थांबली. साळुबाई खाली उतरली, कुणाकडे न बघता पिकअपच्या दाराची तार सोडली आणि पोरीला हाताला धरून एसटीत आणलं. नाना काहीतरी बोलायला पुढे आले होते, पण ड्रायव्हरने गिअर टाकला. जुन्नरला गाडी बदलून आम्ही वेळेत आळेफाट्याला पोचलो. मुलाकडच्यांनी विचारलं, बाकीची माणसं कुठंयत? मी म्हटलं, शुभ माणसं आहेत, मागून येतायत. साखरपुडा झाला, अंगठी झाली, फोटो झाले. मुलीकडून साळुबाई आणि मी, दोघीच होतो. शुभ माणसं बरोबर जेवणाच्या वेळेला पोचली.

गाडी नीट कशी झाली ते सुदर्शननेच पंगतीत सांगितलं. फोन आल्यावर तो मोटारसायकलवरून चढावर गेला होता. गाडी आजारी असताना त्याने ती त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. त्याने टाकीत काठी घातली, तर डिझेल अर्ध्याच्या खाली. सोबत आणलेला कॅन ओतला, लाईनीतली हवा काढली, आणि गाडी झाली गुणी लेकरू. मग त्याने टाकीतला डिझेल ओढणारा पाईप बाहेर काढला. पाईपला बरोबर मध्यावर चीर होती. टाकी भरलेली असेल तर चीर डिझेलात बुडालेली राहायची. डिझेल खाली गेलं की पाईप वारा ओढायचा, आणि जागेवर उभ्या इंजिनाला तो वारा सोसायचा नाही.

"आन तुमी माझ्याकडं दर वेळी टाकी फुल करून आणायचा व्हय?" सुदर्शनने विचारलं.

रामदासने जिलेबी वाढून घेतली. नाना हसत म्हणाले, "म्हंजे पाईपच पांढऱ्या पायाचा निघाला म्हना की!" सगळी पंगत हसली. साळुबाई वाढपात होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. माफी वगैरे तर आमच्या वाडीत फक्त वीजबिलाची मागतात.

सुदर्शनने नवा पाईप बसवला. पुढच्या रविवारी सकाळी पिकअप साळुबाईच्या दारापुढे येऊन उभी राहिली. मागे सगळी वाडी चढलेली होती, नाना धरून.

"काकी, बस पुढं," रामदास म्हणाला. "झाली गाडी नीट."

"टाकीत किती हाय?" साळुबाईने विचारलं.

"तळालाच हाय. जुन्नरला भरू की."

साळुबाईने पोतं ओट्यावरच ठेवलं. पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं. रामदासने गिअरला हात घातला तशी म्हणाली, "हालवू नगो. हितंच चालू ऱ्हाऊ दे."

गाडी उभ्या जागी चालू राहिली. साळुबाई मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली. मी ओट्यावरून बघत होते. मागची माणसं चुळबुळली. आवाज चढला नाही, उतरला नाही.

"काकी, डिझेल जळतंय," रामदास म्हणाला.

"जळू दे."

बराच वेळ ती बसून राहिली. नाना पागोटं सारखं करत दुसरीकडे बघत होते. मग तिने दार उघडलं, खाली उतरली आणि ओट्यावरचं पोतं उचलायला आली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"मी बसले व्हते," ती मला म्हणाली, "आन नाय पडली बंद."

रामदासने मागून दोनदा हाक मारली. ती पोतं डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघून गेली.