फर्स्ट क्लासबाहेरच्या चपला

पॅसेंजर गाडीच्या फर्स्ट क्लासात मी आयुष्यात एकदाच बसले, आणि तेवढ्यात तो सुधारून टाकला.

आमच्या सुमनला नागपूरचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील आम्हाला घ्यायला स्टेशनावर येणार होते. पांढुर्ण्याची माणसं साध्या डब्यातून घामेजून उतरली तर स्थळ हातचं जाईल, असं यांच्या डोक्यात बसलं. (हे म्हणजे सुमनचे वडील. डोक्यात जागा भरपूर होती.) म्हणून फर्स्ट क्लास.

त्या डब्यात घरासारखी खोली, खोलीला सरकतं दार, आणि आत शेंगांची टरफलं. मी पदर खोचला आणि सुराहीतल्या पाण्यानं खोली पुसून काढली. पुसलेल्या जागेवर चपला कोण घालू देईल?

"बाहेर काढा," मी म्हटलं.

"अवो, गाडी आहे ही."

"मंग? मी पुसून राहिली अन् तुम्ही तुडवून राहिले."

सगळ्यांच्या चपला दाराबाहेर ओळीनं लागल्या. हे सीटवर मांडी घालून बसले. पांढरं धोतर, पांढऱ्या मिशा.

तिकीट तपासनीस आला, ओळ पाहून थबकला. त्यानं बूट काढले, आत येऊन यांना हात जोडले. तिकीट मागितलंच नाही. मला काही कळेना. नरखेडला एक बाई आली आणि तिनं आपलं रडतं लेकरू यांच्या पायांवर घातलं.

"बाहेर चपला पाहिल्या, मनलं भीतर महाराज असतीन."

"कोन महाराज?" मी विचारलं.

"तुम्ही माताजी काय?" असं म्हणून ती माझ्याही पाया पडली.

हे गोंधळले की काहीतरी देऊन मोकळे होतात. पाहुण्यांसाठी नेत होतो त्या टोपलीतलं संत्रं त्यांनी लेकराला दिलं. लेकरू गप्प झालं. झालं, दारात रांगच लागली!

"बाबा, संत्री संपून राहिली," सुमन म्हणाली.

"मी काय करू? हात पसरून राहिले लोकं."

काटोलला गर्दी उतरली. चपलाही उतरल्या. तपासनिसाचे बूटसुद्धा गेले. तो अनवाणी उभा राहून म्हणाला, "सब आपकी लीला है, महाराज."

नागपूरला आम्ही फर्स्ट क्लासातून उतरलो ते अनवाणी, रिकामी टोपली घेऊन. मुलाचे वडील आमच्या पायांकडे पाहतच राहिले.

"पाव्हणे, चपला कुठं गेल्या?"

यांनी रिकामी टोपलीच त्यांच्यापुढं धरली. सुमन रडायच्या बेताला आली. स्थळ गेलंच, असं धरून मी बोलून टाकलं, "नवस हाये. लेकीच्या सासरच्या वाटेनं चपला घालाच्या नाही."

त्यांचे डोळे भरून आले. "असी श्रद्धा आता कुठं राहिली, बाई?" असं म्हणून त्यांनी ठरवलेला रिक्षा परत पाठवला, स्वतःच्याही चपला काढल्या, आणि चैत्राच्या उन्हात तापलेल्या डांबरावरून आम्ही सगळे नाचत नाचत त्यांच्या घरी पोचलो.

लग्न जमलं. नातवंडांचीही लग्नं झाली. व्याही नव्वदीतही दारात खुर्ची टाकून आधी माझे पाय पाहतात. म्हणून लेकीकडे जायचं तर मी चौकातच चपला काढून पिशवीत कोंबते आणि भाविक तोंड करून पुढं निघते.