मामाच्या मिठागरात माझं संशोधन

धरमतरच्या खाडीकाठी गुलाबी मीठ आजवर एकदाच पिकलं आहे आणि ते मी पिकवलं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पेणला रामवाडीत राहायचो आणि एसटीने रोह्याकडच्या एका कंपनीत जायचो. कंपनी कापडाचे रंग बनवायची. मी तिथे केमिस्ट होतो, पण अजून कायम न झालेला. (म्हणजे साहेबांच्या विनोदाला सगळ्यात आधी हसणारा.) टाक्या धुतलेलं लालभडक पाणी साठत चाललं होतं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "याचा रंग घालवून दाखवा, कायमचं पत्र मी काढतो."

मी पेटलो. टायटॅनियम डायऑक्साइड नावाची पांढरी पावडर रंगीत पाण्यात ढवळून उन्हात ठेवली, की ऊन लागून ती कामाला लागते आणि रंगाचे तुकडे पाडते, असं एका मासिकात वाचलं होतं. कॉलेजातल्या सरांकडून चिमूटभर आणली आणि बायकोच्या काचेच्या बशीत गच्चीवर प्रयोग केला. सकाळचं लाल पाणी दुपारी जेवून येईतो नितळ! बायकोला कौतुकाने दाखवलं. ती म्हणाली, "आता ती बशी घरात आणू नका."

आता हवं होतं मोठं, उथळ आणि दिवसभर उन्हात पडलेलं भांडं. ते माझ्या मामाकडे होतं, म्हणजे त्याचं मिठागर. पावडरही गावातच पोत्याने मिळाली. माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवायचे. त्यांच्या पांढऱ्या रंगाच्या पोत्यावर तेच नाव छापलेलं होतं.

"कशाला नेतोस?" दाजींनी विचारलं.

"विज्ञानाला," मी म्हटलं. (शास्त्रज्ञांनी सामान्य माणसांना तपशील द्यायचा नसतो, असं मला तेव्हा वाटे.)

मामाने नुकताच वाफा तयार केला होता. महिनाभर पायांनी तुडवून तुडवून तळाची चिकणमाती घोटली होती. मामीला माझा बेत मुळीच पटला नाही.

"मिठाच्या वाफ्यात दुसरं पानी घेतंय का कोन?"

"गप गो," मामा म्हणाला, "पोराची नोकरी पक्की व्हायची हाय." मग मला हळूच म्हणाला, "सुध्या, रंग जाईल ना रं?"

"चार दिवसांत. मग तुझं मीठ तू पिकव."

कंपनीचा लाल पाण्याचा टँकर वाफ्यात रिकामा झाला. मी पोतं ओतलं, मामाने लांब दांड्याच्या फळीने ढवळलं आणि बघता बघता लाल पाणी गुलाबी झालं.

"मामा, उतरायला लागला बघ!"

"लालात पांढरं कालवल्यावर गुलाबीच व्हनार ना," मामी म्हणाली. मी तिला मनातल्या मनात अडाणी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पावडर तळाला बसली, पुन्हा ढवळली. तिसऱ्या दिवशी पाणी कमी आणि रंग जास्त दिसू लागला. चौथ्या दिवशी वाफ्यात दाट सरबत तयार होतं. शेजारचे मिठागरवाले बांधावर जमले. "घरात लगीन हाय का काय?" एकाने विचारलं.

मामा माझ्याजवळ येऊन बसला. "वाफा पानी उडवतो नि पान्यात जे असंल ते ठेवतो. आमचा धंदाच तो हाय. तुला ठावं नव्हतं?"

ठाऊक होतं, लहानपणापासून बघत होतो. ठाऊक असूनही सुचलं नाही, याचाच मला राग आला.

दाजींकडे गेलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, मूर्तीच्या रंगातल्या त्या पावडरीच्या कणांवर लेप असतो, उन्हात रंग टिकावा म्हणून. बाप्पाचा रंग उडाला तर मला कोण उभं करील?" म्हणजे रंग घालवायला मी रंग सांभाळणारी पावडर पोतंभर नेली होती. नाव तेच, काम उलटं.

मामाने ते पाणी ओहोटीला खाडीत सोडलं, नवं घेतलं. पण घोटलेल्या मातीने रंग पिऊन घेतला होता. मीठ आलं ते गुलाबी. व्यापाऱ्याने चिमटीत धरून पाहिलं, हात झटकला आणि निघून गेला. मामाने माती खरवडली तर खालीही लालच. तो हंगाम गेला, वाफाही गेला, आणि पन्नाशी उलटलेला माझा मामा धक्क्यावर बार्जचा माल उतरवायला जाऊ लागला. मला माझ्या या करणीची भयंकर लाज वाटत होती, अजूनही वाटते.

मी साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं, "प्रयोग फसला."

"पाणी आपल्या टाकीतून गेलं ना?"

"गेलं."

"मग फसला कसा?" त्यांनी पत्रावर सही केली. "असे आणखी कोणी नातेवाईक आहेत का तुमचे?"

पेढे घेऊन मामाकडे गेलो. मामा नुकताच धक्क्यावरून आला होता, पाय पाण्यात घालून बसला होता.

"काय लिवलंय पत्रात? वाच."

मी वाचलं, "रंगीत पाण्याची यशस्वी विल्हेवाट लावल्याबद्दल..."

"बरं झालं," मामा म्हणाला आणि पेढा मामीच्या हातात ठेवला. त्याने मला दोन शिव्या घालायला हव्या होत्या. घातल्या असत्या तर मी तिथे बसलो असतो, त्याचे पाय तरी चेपले असते. पण दुसरी शिफ्ट होती. मी एसटी गाठली. कायम झालेल्या माणसाला उशीर करून कसं चालेल?