येलदरीचा चढ आणि टाइपरायटरची स्प्रिंग

आमची जीप लिलावातली होती, पण तिचा तोरा असा, की जणू तिनंच आम्हाला लिलावात घेतलं असावं. सपाट रस्त्यावर ती ऐटीत पळायची. चढ दिसला की तिची तब्येत बिघडायची. आधी कुरकुर, मग खोकला, मग एक लांब उसासा आणि शांतता. आणि आमचं नशीब असं, की आमचं पोट एका चढावरच अवलंबून होतं.

तो चढ येलदरीचा. धरणाच्या अंगाला मासेमारांच्या सोसायटीचा वजनकाटा होता. तिथं मासळी बर्फाच्या पेट्यांत भरायची, चढ चढायचा, जिंतूरवरून परभणी स्टेशन गाठायचं आणि बर्फ वितळायच्या आत माल आगगाडीत टाकायचा. हे काम माझ्या थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे होतं. दादा गाडी चालवायचा आणि मी शेजारी बसून ती कशी चालवावी ते सांगायचो. कोरडवाहू रानावर दोघा भावांचं भागत नव्हतं. घर चालायचं ते या खेपेवर.

चढावरची रीत ठरून गेली होती. जीपनं उसासा टाकला की मासेवाले लुंग्या वर खोचून मागून खांदा लावायचे. त्यांच्यामागून एक म्हातारे मामा हातात मोठा धोंडा घेऊन चालायचे. जीप थबकली की धोंडा चाकाखाली, हलली की धोंडा पुन्हा मामांच्या पोटाशी. जाळी विणत बसलेल्या बायांची तेवढी करमणूक व्हायची.

"जीप आपल्या लोकांच्या खांद्यावर बसून परभणीला जायलीय बग," एक म्हणायची.

"जाऊ दे माय, दिवस गेलेत तिला," दुसरी म्हणायची. "हळूच ढकला रे."

दादा मान वळवायचा नाही. कान मात्र लाल व्हायचे.

त्या वर्षी धरण काठोकाठ भरलं होतं आणि मासळी उदंड लागली होती. नवरात्र बसलं आणि सोसायटीच्या चेअरमनकाकांनी दादाला काट्यापाशी बोलावलं. काका बोलायला गोड, पण गोड बोलूनच गळा धरायचे.

"पाटील, माजी माणसं मासे धरायला हायेत, जीप ढकलायला न्हाईत," ते म्हणाले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पेट्या गच्च भरून देतो. एक बी खांदा न लागता वर गेलात, तर काम तुमचं. न्हाई तर देवगाव फाट्याचा टेम्पोवाला कवाचा माग लागलाय."

घरी येऊन हात धुताना दादा म्हणाला, "काम गेलं तर जीप इकायची."

आता तुम्ही म्हणाल, मिस्त्रीला दाखवायची होती. परभणीतला एक मिस्त्री आम्ही सोडला नव्हता. एकानं कार्बोरेटर धुतला, दुसऱ्यानं प्लग बदलले, तिसऱ्यानं इंजिन उघडून रिंगा टाकल्या. चौथ्यानं सगळं पाहून माझ्याकडे बोट दाखवलं आणि शेजारी बसणारा माणूस जड आहे असं निदान केलं. पण बॉनेटखाली एक वस्तू अशी होती, की तिला कुणालाच हात लावायची परवानगी नव्हती. ती म्हणजे डिस्ट्रिब्युटर. प्लगमध्ये ठिणगी कधी पाडायची हे ठरवणारं वाडग्याएवढं डबडं. हल्लीच्या गाड्यांत ते काम कॉम्प्युटर करतो म्हणतात. तेव्हा इंजिनाचा मेंदू म्हणजे हे डबडं, आणि आमच्या जीपच्या मेंदूला लाल नाडा बांधलेला होता.

त्याचं असं झालं. एका खंडेनवमीला दादानं घरातल्या अवजारांबरोबर जीपची पूजा केली, आणि हाताला जे उंच टोक लागलं त्यालाच नाडा गुंडाळला. त्यानंतर जीप वर्षभर एकदाही बंद पडली नाही. झालं. दादानं जाहीर केलं, की जीपचा गुण या नाड्यात आहे, हा सोडायचा नाही. पुढच्या खंडेनवमीला जुन्या नाड्यावर नवा चढला, त्याच्यावर पुढच्या वर्षीचा. मिस्त्र्यांनी पाना हातात घेतला की दादा म्हणायचा, "ते सोडून बाकी कायबी खोला." होता होता त्या डबड्याचा फेटा बांधलेला नवरदेव झाला होता.

खंडेनवमी उजाडली. वहिनी आरतीचं ताट घेऊन जीपपाशी आल्या. वहिनी म्हणजे दादाची बायको. आमच्या पुढच्या खोलीत त्या टायपिंगचा क्लास चालवायच्या. मराठीच्या दोन मशिनी आणि एक मोडकी इंग्रजी. दिवसभर घरात गारा पडल्यासारखा आवाज. त्यांनी बॉनेटखाली पाहिलं, ताट मडगार्डवर ठेवलं आणि नाड्याची गाठ सोडायला लागल्या.

"काय करायलीस?" दादा ओरडला नाही, पण आवाज पातळ झाला होता.

"नवा बांधायला जागा कुटं हाय? देवाला बी अंघोळ घालतो आपण."

"गुण जाईल तिचा."

"कोणता गुण?" वहिनींनी विचारलं. "चढावर बसायचा?"

वहिनी पुढं म्हणाल्या, "पहिला तेवढा तुमचा, पुढं धा वर्षं बांधणारी मीच. मी बांधलेलं मी सोडीन. पाप लागलं तर निम्मं भावजींना देते."

मी लगेच निम्मं कबूल केलं. नाडे सुटत गेले, कुंकवाचे पापुद्रे पडले, आणि आम्ही झाकण काढलं.

आत दोन चिमुकली वजनं असतात. इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगी लवकर पडते. बारीक स्प्रिंगा त्यांना आवरून धरतात, म्हणजे घाई होत नाही. आमच्या डब्यातल्या स्प्रिंगा मात्र बारीक नव्हत्या. बैलाच्या वेसणीला शोभतील इतक्या दणकट. वजनं बिचारी जागची हलत नव्हती.

दादा वाकला, पाहत राहिला आणि मटकन पायरीवर बसला.

"अरे," तो म्हणाला, "ह्या रॉकेलच्या स्प्रिंगा."

मग मलाही आठवलं. फार पूर्वी, जीप खेपा करायच्या आधी, तिच्या चाकाला पट्टा लावून दादा विहिरीचं पाणी उपसायचा. पेट्रोल परवडायचं नाही, म्हणून सुरू करायची पेट्रोलवर आणि चालवायची रॉकेलवर. रॉकेलवर ठिणगी लवकर पडली तर इंजिन ठोकतं. म्हणून तेव्हाच्या मिस्त्रीनं जाड स्प्रिंगा घालून ठिणगीला दम धरायला लावला होता. विहिरीवर पुढं विजेची मोटर आली, जीप पेट्रोलवर धावू लागली, मिस्त्री गाव सोडून गेला. पण जीपला कुणी कळवलंच नाही. ती आपली रॉकेलच्याच हिशेबानं जगत होती, आणि आम्ही त्या समजुतीची दरवर्षी पूजा करत होतो.

सणाचा दिवस, दुकानं बंद. बारीक स्प्रिंग आणायची कुठून? वहिनी आत गेल्या आणि मोडकी इंग्रजी मशीन उचलून घेऊन आल्या.

"हिच्या पोटात लय स्प्रिंगा हायेत. घ्या लागंल तेवढ्या. इंग्रजी शिकायला तसं बी कोण येईना."

मी चिमट्यानं दोन स्प्रिंगा काढल्या, टोकं वाकवून आकडे केले आणि बसवल्या. दादानं डोळे मिटून स्टार्टर दाबला. जीप अशी उसळून सुरू झाली, की दारातली कोंबडी छपरावर गेली. आम्ही रस्त्याला लागलो आणि जरा वेग घेताच इंजिनातून आवाज सुरू झाला. टक टक टक टक, जसा क्लास भरलाय. ठिणगी आता फारच लवकर पडत होती.

मागं बसलेल्या वहिनींनी कान देऊन ऐकलं. "स्पीड चांगला हाय, भावजी," त्या म्हणाल्या, "पण चुका लय व्हायल्यात."

परत आलो. मी एक इंग्रजी स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी एक जुनी जाड घातली. एक उधळी, एक आवरी. दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं घेऊन आम्ही सीमोल्लंघनाला निघालो ते जीपमधून. टकटक गेली होती. शीव ओलांडली तरी दादाला थांबवेना. शेवटी वहिनींनीच खांद्यावर टपली मारली, "अहो, सोनं वाटायचंय अजून."

दुसऱ्या दिवशी येलदरीला जत्रा जमली होती. चेअरमनकाकांनी पेट्या अशा भरल्या, की जीपचं बूड टेकायला आलं. वर स्वतः पुढच्या बाकावर, माझ्या मांडीला मांडी लावून बसले. "साक्षीदार पायजे," म्हणाले. साक्षीदाराचं वजन पेटीपेक्षा कमी नव्हतं. मासेवाल्यांनी सवयीनं लुंग्या खोचल्या. बाया जाळी बाजूला ठेवून बसल्या.

दादानं गिअर टाकला. चढाच्या तोंडाशी, जिथं रोज उसासा यायचा, तिथं मी श्वास धरला. काकांनीही धरला, मला शेजारून कळलं. जीप खोकली नाही. एका सुरात गुरगुरत, पेट्या खडखडवत ती चढत गेली. मागं पाहिलं तर मासेवाले रिकामे खांदे घेऊन उभे होते, आणि एकटे मामा धोंडा पोटाशी धरून जीपमागं पळत होते.

"मामा, टाका की तो," कुणीतरी खालून ओरडलं.

"आन् बसली मंजे?" मामा पळता पळता म्हणाले.

ती बसली नाही. माथ्यावर दादानं गाडी थांबवली, केवळ मजेनं, आणि पुन्हा उचलून दाखवायला. मामा धापा टाकत पोचले. मान राखायला म्हणून त्यांनी धोंडा चाकाखाली ठेवलाच. खालून एका बाईचा आवाज आला, "मोकळी झाली गं माय, सुखरूप."

चेअरमनकाका उतरले, जीपभोवती फिरले, बॉनेटवर थाप मारली. "पाटील, असं काय खाऊ घातलं हिला?"

"इंग्रजी शिकवली," दादा म्हणाला. कान त्याही दिवशी लाल होते, पण मान ताठ होती. "उद्यापासून दोन पेट्या जास्ती टाका."

बर्फ घट्ट असतानाच आम्ही परभणीला पोचलो. मामांचा धोंडा मी पायाशी ठेवून आणला होता. त्यांनीच दिला, म्हणाले, आता मला काय करायचाय. आजही तो आमच्या अंगणात आहे. खंडेनवमीला वहिनी त्याला कुंकू लावतात आणि लाल नाडा बांधतात. डिस्ट्रिब्युटरला नंतर कधी नाडा बांधला नाही.