गांडुळांचं विरजण

चिंचणीत प्रेमला सावेकडे गांडुळं मागायला बाया वाटी घेऊन यायच्या, विरजण मागायला जावं तशा. प्रेमलाही ओंजळभर गांडुळं शेणासकट वाटीत घालायची आणि पैशाचं नाव काढू द्यायची नाही. "विरजणाचे कोण पैसे घेतं?" म्हणायची. खत मात्र विकायची, आणि वाडीवाल्यांमध्ये ते चांगलं चालायचं. चिकूच्या सावलीत दोन वाफे, घरचं शेण, वाडीचा पालापाचोळा, एवढाच तिचा कारखाना. बाई सुखात होती.

पण सुख तसंच राहू देतील ती माणसं कसली! बोईसरच्या एका कंपनीचे साहेब, हितेशभाई, खत न्यायला आले आणि बघून खूश झाले. आमच्या कँटीनचं उरलंसुरलं रोज पाठवतो, म्हणाले. आमचा कचरा जिरेल, तुमचा धंदा वाढेल. फाटकावर प्रेमलाच्या फोटोचा फलक लागला, 'हरित उद्योजिका'. नवरा नामदेव इतका हुरळला की फिटरची पक्की नोकरी सोडून मोकळा झाला. मोठी शेड उभी राहिली, विटांचे नवे वाफे बांधले, आणि रोज सकाळी टेम्पो दारात हजर होऊ लागला.

टेम्पोतून यायचं काय, तर खारट डाळ, लोणचं, पापड, तेलकट भाजी. प्रेमलाने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "एवढं मीठ त्यांना सोसायचं नाय."

"अगं, माडाला आपण मूठमूठ मीठ घालतो, तो कसा फोफावतो!" नामदेव म्हणाला. "गांडुळांना काय धाड भरलीय?"

किनाऱ्यावरच्या माणसाला मिठाची भीती कशी वाटणार? तिचा सासरा, आजेसासरा, सगळे माडाच्या बुंध्यात मीठ घालत आलेले. प्रेमलाला ते पटलं, आणि तिथेच ती फसली.

काही दिवसांत गांडुळं वाफ्याच्या भिंतीवर चढू लागली. सकाळी बघावं तर भिंतभर, बाहेर पडायला धडपडणारी. प्रेमला एकेक उचलून परत आत टाकायची. शेवटी तिने वरून जाळी घातली. तरी वाफे ओस पडत चालले, खताला आंबूस वास सुटला.

"टेम्पो बंद करूया," ती म्हणाली.

"मग मी काय करू? कंपनीत माझ्या जागेवर दुसरा लागला," नामदेव म्हणाला.

तिच्या नावावर आता त्याचीही भाकरी होती. त्यात हितेशभाईंचा फोन आला, कंपनीचे पाहुणे शेड बघायला येताहेत म्हणून. दाखवायला तर वाफ्यात एक गांडूळ धड नव्हतं.

प्रेमला वाटी घेऊन निघाली. बेटेगावजवळच्या पाड्यावर पारू राहायची. चिकूच्या तोडणीला यायची तेव्हा तिने प्रेमलाकडूनच ओंजळभर गांडुळं नेली होती. पारूच्या परसात केळीखालची काळी भुसभुशीत माती नुसती वळवळत होती. ती बघून प्रेमलाला हेवा वाटला, आणि रडूच आलं.

"घे की बाय, तुजीच हायत," पारू वाटी भरता भरता थांबली. "पन तुजी कशानं मेली?"

"विरजण चांगलं होतं गं. भांडंच नासलंय."

"मंग ही त्यातच घालशील?"

प्रेमलाने वाटी पदराखाली घेतली आणि घर गाठलं.

पाहुण्यांनी पारूची गांडुळं हातावर घेऊन फोटो काढले, टाळ्या वाजवल्या. निघताना हितेशभाई म्हणाले, "प्रेमलाबेन, उद्यापासून दुसऱ्या कँटीनचा टेम्पोही लावून देतो." तिच्या आधी नामदेवनेच मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारूची गांडुळं भिंतीवर होती. सवयीने प्रेमलाने एक उचललं, वाफ्यावर नेलं, आणि हात पुढे जाईना. तिने जाळी फेकून दिली. सगळी वेचून वाटीत घेतली आणि जुन्या चिकूच्या बुडाशी, ओल्या पाचोळ्यात सोडली. बघता बघता ती मातीत गेली. प्रेमला तिथेच उकिडवी बसून राहिली. वाट दिसली असती तर तीही त्यांच्यामागे गेली असती.

फाटकाशी हॉर्न वाजला. पाठोपाठ दुसरा.

"अगं, उघड की!" नामदेवची हाक आली.

प्रेमलाने वाटी बुंध्याशी उपडी ठेवली, पदराला हात पुसले आणि आपल्याच फोटोखालचं फाटक उघडायला गेली.