आईचा गिअर

माझे वडील आप्पासाहेब पडेगावात राहतात, पण आमचं शेत अजिंठ्याकडं. काळ्या मातीच्या त्या वाटेवर त्यांनी तीस वर्षं एकच जीप चालवली. चारही चाकांना जोर देणारा तिचा फोर-व्हीलचा छोटा गिअर दोन सीटांच्या मधे होता, तो झिजला होता. चिखलात धक्का बसला की निसटायचा. म्हणून शेजारी बसलेली आई तो दोन्ही हातांनी दाबून धरायची.

"सोडू नको," आप्पा म्हणायचे.

"तुम्ही समोर बघा," आई म्हणायची.

मागं पोत्यांवर बसून हे ऐकतच मी मोठी झाले.

यंदा नवी गाडी घ्यायची ठरली. आप्पांचा डावा गुडघा कामातून गेलाय, क्लच दाबवत नाही, तरी शोरूममध्ये ते गिअरच्याच गाडीपाशी अडून बसले. "ऑटोमॅटिकमधी माणूस नुसता बसून ऱ्हातो. नाय पाहिजे." मला राग आला. हट्टात मी त्यांचीच लेक; ऑटोमॅटिकच घ्यायला लावली. तिच्यात फोर-व्हीलला नुसतं एक बटण आहे.

परवा तिघं शेतावर गेलो. चिखल लागला, आप्पांनी बटण दाबलं, गाडी मुकाट पुढं सरकली. आईचा हात सवयीनं दोन सीटांच्या मधे गेला. तिथं पाण्याची बाटली ठेवायचा खळगा होता. तिनं हात मागं घेऊन मांडीवर ठेवला.

आप्पांचा डावा हात आता रिकामाच होता. तो त्यांनी न बघता तिच्या हातावर ठेवला.

"सोडू नको," म्हणाले.

"तुम्ही समोर बघा," आई म्हणाली.