सिस्टरांच्या विहिरीचं पानी

मला सही पन येत नाय, म्हनून वॉचमन झालो. वॉचमनला फक्त बघायचं असतं. तेवढं पन मला जमलं नाय.

पनवेलच्या कडेचा हा बंगला. आधी तिथं ख्रिश्चन सिस्टर राहायच्या, पांढऱ्या कपड्यांत. म्हाताऱ्या झाल्या, निघून गेल्या. मग दवाखाना आला, तो उठला. मग तळोज्याच्या केमिकल कंपन्यांच्या मालाचं गोडाऊन. आता लग्नाचा हॉल. सिस्टर गुडघे टेकायच्या तिथं डीजेचे डबे असतात. मालक बदलले, वॉचमन मीच. मला दुसरा कोन घेनार?

गोडाऊनच्या टायमाला मी रिकामी पिंपं विहिरीच्या काठावर धुवायचो. डोळ्यांतून पानी यायचं. शेठला म्हनायचो, "सिस्टरांची आठवन येते." शेठ हसायचा. धुतलेलं पानी कुठं मुरतं, डोक्यात आलं नाय. आधी विहिरीतले मासे उताने झाले. मग बेडूक गप झाले. मी म्हटलं, बरं झालं, आता झोप लागंल.

परवा भाचीची हळद त्याच हॉलात. आमच्यात नवरीची अंघोळ विहिरीच्याच पान्यानं. बाया वाजत-गाजत जाऊन आनतात, टँकरचं चालत नाय. गावातल्या विहिरी बिल्डिंगीखाली गेल्या, उरली ती हीच. बहिनीनं आत घागर सोडली तवा मी पुढं झालो.

"ते पानी नको गो. मी तिथं पिंपं धुतल्यात."

"दादूस, आज तरी मस्करी नको."

"आईशप्पत!"

"मागच्या लग्नात पन आईचीच घेतलीस, म्हनं नवरा पलाला!"

बाया खिदळल्या. खरं व्हतं, घेतली व्हती.

घागर वर आली. पान्यावर तेलासारखे रंग. भाची पाटावर बसून वाट बघत व्हती. मला दुसरं काय सुचलं नाय. घागर ओढली आन डोक्यावर ओतली.

"मामालाच हळद लागली!" कोनीतरी ओरडलं. बेंजोवाल्यानं सूर धरला.

आधी गार वाटलं. मग मानेवर चटका बसला, मग पाठीवर. मी उड्या मारायला लागलो. बायांना वाटलं नाचतोय, टाळ्या पिटल्या. बहीन नाचतच जवळ आली. तिनं माझी मान बघितली आन जागीच थांबली.

"वाजवनं बंद करा रं. पोरीला पाटावरून उठवा."

भाचीला आत नेली. बहिनीनं पदरानं माझी मान पुसायला घेतली, तर कातडं पदराला लागलं. मी म्हटलं, "बघ, खोटं बोललो नाय." ती हसली नाय.

तिच्या खांद्यावरून मला विहिरीचा काठ दिसत व्हता. तिथं बादली भरून पानी कोनी कधी काढलं, कळलं नाय. करवल्या रांगेनं पाय धूत व्हत्या.